रफूवरून शाळा पारखणाऱ्या मापकाकू

मापकाकूंचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एकाने बसावं, दुसऱ्याने उभं राहावं आणि तिसऱ्याने बाहेरून डोकावावं, एवढीच जागा. त्यात शिलाई मशीन, कपड्यांचे गठ्ठे आणि खिळ्यांना टांगलेले तयार गणवेश. मापाची टेप गळ्यात कायमची. ती घालूनच त्या बाजारात जातात, ती घालूनच देवापुढे बसतात, आणि एकदा तर फोटो काढून घ्यायलाही तशाच उभ्या राहिल्या. खरं नाव कुठल्यातरी कागदावर असेल. वस्तीला त्या मापकाकू.

सकाळी मशीनला हात लावण्याआधी त्या क्षणभर डोळे मिटतात. काय मागता, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मागत काही नाही. आज कात्री चुकू देऊ नकोस, एवढं त्याला बजावून ठेवते."

बावीस वर्षं त्या शाळेचे गणवेश शिवत आल्या आणि त्याहून जास्त दुरुस्त करत आल्या. त्यामुळे झालं असं, की पोर मोठ्या शाळेत जाण्याच्या वयाचं झालं की आया दुकानात यायच्या त्या कपडे न घेता. दाराला टेकून विचारायच्या, "काकू, कुठे घालू हो याला?"

पायी जाण्याजोग्या शाळा दोनच. एक टेकडीवरची, राखाडी गणवेशाची. दुसरी पुलापलीकडची, निळ्या गणवेशाची. काकू मशीन न थांबवता हनुवटीनेच गठ्ठा दाखवायच्या.

"तो निळा ढीग बघ. वरचा शर्ट काढ. खिसा कसा उभा फाटलाय? कुणी ओढल्याशिवाय असा फाटत नाही. कोपर बघ, गुडघा बघ. आणि हे काय, तर जळून पडलेलं भोक. शाळेत जाऊन शर्टाला भोक कशाने पडतं, तूच सांग मला. शाळा आहे की आखाडा?"

"आणि टेकडीवरची?"

"राखाडी कपडा माझ्याकडे दुरुस्तीला येतच नाही. येतो तो नवा शिवायला. वर्षातून दोनदोनदा मापं देऊन जातात. पोरं भराभर वाढतात तिथली. उंचावरची हवा, दुसरं काय."

ऐकणारी मान डोलवायची आणि जायची. काकूंना वाटायचं, चला, आणखी एक पोर मार्गी लागलं.

यंदा मात्र पाळी घरातच आली. काकूंची लेक मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. जावई जहाजावर, सहा महिने पाण्यात आणि दोन महिने घरी. त्यामुळे लेक आणि नात दोघी काकूंकडेच, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. नात दहा वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती जेवतानासुद्धा ताटाभोवती फिरते. प्राथमिक शाळेतल्या बाईंनी प्रगतिपुस्तकात चार वर्षं एकच वाक्य लिहिलं होतं: हुशार आहे, पण जागेवर सापडत नाही.

शिक्षण कार्यालयाचा नियम असा, की अर्ज एकाच शाळेत द्यायचा. शेवटची तारीख शुक्रवार. एकदा नाव लागलं की पुढची सहा वर्षं तिथेच काढायची. लेकीने दोन्ही शाळांचे अर्ज आणून ठेवले आणि म्हणाली, "आई, माझ्या ड्यूटीच्या पाळ्या तू बघतेसच. मला काही दोन्हीकडे जाऊन बघणं जमायचं नाही. सगळ्या वस्तीची पोरं तू शाळेला लावलीस, आता आपलीचं पण सांग. तू म्हणशील तिथे सही करते."

"त्यात काय सांगायचं? टेकडी," असं काकू म्हणणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण समोर भिंगरी एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने टेबलाचा खण उघडत होती, आणि काकूंची जीभ टाळ्यालाच चिकटली. दुसऱ्यांच्या पोरांचं त्या दोन टाक्यांच्या मध्ये सांगून मोकळ्या व्हायच्या. हिच्यासाठी मशीन थांबलं.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बावीस वर्षांत आपण दोन्हीपैकी एकाही शाळेचा उंबरठा ओलांडलेला नाही. सकाळी त्यांनी दुकानाच्या दाराला कुलूप लावलं. जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावरची वहिनी उतरत होती. तिने कुलूप पाहिलं आणि दोन पायऱ्या वरच थांबली.

"काकू, बरं नाही का?"

"शाळा बघायला चाललेय."

"तुम्ही?" वहिनी हसली. "म्हणजे डॉक्टरच निघाले औषध चाखायला."

मंगळवारी टेकडी. चढ चांगलाच होता, काकूंना तीनदा थांबावं लागलं. फाटक रंगवलेलं, बागेतल्या कुंड्या रेघेत, व्हरांड्याची फरशी अशी की आपला चेहरा बघून घ्यावा. पालकांना शाळा दाखवायला एक बाई नेमल्या होत्या. छातीशी फाइल, ओठांवर हसू, पायांत घाई. त्यांनी प्रयोगशाळा दाखवली, तिथे सूक्ष्मदर्शकांवर पांढरे अभ्रे होते. संगणकाची खोली दाखवली, तिथेही अभ्रे होते. काकूंनी अभ्र्याची दुमड बोटाने चाचपून बघितली. टीप सरळ होती.

बाकीचे पालक भिंतीवरची पदकं बघत होते. काकू पोरांचे कपडे बघत होत्या. रांगेतून एक वर्ग चालला होता. एकाही शर्टाला टाका नाही, एकाही कोपराला ठिगळ नाही. त्यातले निम्मे शर्ट त्यांच्याच हातचे, खांद्याच्या शिलाईवरून त्यांना ते लांबूनही ओळखू येत होते. त्यांचा ऊर भरून आला. एका वर्गाच्या उघड्या खिडकीशी त्या जरा रेंगाळल्या. आत गणिताचे सर एका मुलाला तेच उदाहरण तिसऱ्यांदा सांगत होते, आणि तिसऱ्यांदाही त्यांचा आवाज पहिल्याइतकाच खाली होता. हे त्यांनी मनात नीट घडी घालून ठेवलं.

मग कार्यालयाच्या बाहेर नियमांचा फलक आला. काकू चष्मा वर-खाली करत एकेक नियम वाचू लागल्या आणि नवव्यावर अडकल्या. 'रफू केलेला, ठिगळ लावलेला अथवा रंग उडालेला गणवेश चालणार नाही. अशा विद्यार्थ्यास घरी पाठवण्यात येईल.'

त्यांनी तो पुन्हा वाचला.

"बाई," त्या म्हणाल्या, "समजा खेळताना खिसा फाटला, तर?"

"नवा शर्ट घ्यायचा."

"अहो, पण टीप मारली की दिसतही नाही. हे बघा, ही माझीच बाही. इथे मी रफू केलाय. दाखवा बरं कुठे ते."

बाईंनी बाहीकडे पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं. त्यांना काही सापडलं नाही. "छान आहे," त्या म्हणाल्या. "पण नियम म्हणजे नियम, आजी."

आजी म्हटल्याचं काकूंना एरवी लागलं असतं. त्या दिवशी तिकडे लक्षच गेलं नाही. त्या उतारावरून खाली आल्या आणि वळणावरच्या बाकावर मटकन बसल्या. टेकडीवरची पोरं शर्ट फाडत नव्हती असं नाही. फाडत होती आणि टाकून देत होती. म्हणून वर्षातून दोनदा मापं. उंचावरची हवा म्हणे. बावीस वर्षं त्या फाटलेले कपडे मोजताहेत असं त्यांना वाटत होतं, आणि मोजत होत्या फक्त दुरुस्तीला आलेले. या एवढ्या हिशेबावर त्यांनी किती घरांना उपदेश केला, याची आठवण होऊन त्यांचे कान तापले. मग त्यांना हसू यायला लागलं. समोरून जाणाऱ्या एका माणसाने विचारलं, "काही हवंय का?" त्यावर त्या म्हणाल्या, "नको, अक्कल येतेय, येऊ द्या."

पण हसू ओसरल्यावर त्या विचारात पडल्या. एका नियमासाठी शाळा वाईट ठरवायची का? गणिताचे ते सर काही खोटे नव्हते. मग आपण रागावलोय ते शाळेवर, की आपल्या रफूचा अपमान झाला म्हणून? त्यांनी तिथेच डोळे मिटले. रागात कापड कापायला घेऊ नये, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. "देवा," त्या मनात म्हणाल्या, "उद्यापर्यंत राग उतरव, म्हणजे नीट बघता येईल."

बुधवारी पूल ओलांडला, तो भिंगरीला बरोबर घेऊन. फाटकावरच्या शिपाईमामांनी वहीत नाव लिहायला पेन पुढे केलं, गळ्यातली टेप पाहिली आणि पेन मागे घेतलं.

"तुम्हीच ना त्या? इकडे कुणी येऊ नका असं सांगता त्या?"

काकूंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मीच," त्या म्हणाल्या.

"या, या. आम्हाला बघायचंच होतं तुम्हाला."

मुख्याध्यापिकांना तिथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या प्रत्यक्षात भिंगरीपेक्षा जेमतेम वीतभर उंच होत्या. त्यांनी काकूंना खुर्ची दिली. खुर्चीचा एक पाय नव्या लाकडाचा होता.

"रफूला आमची पोरं तुमच्याकडे येतात, पण तुमच्या गल्लीतून आमच्याकडे दहा वर्षांत तीनच पोरं आली," मोठ्या बाई म्हणाल्या. "आज तुम्ही स्वतः आलात. विचारा काय विचारायचं ते."

काकू आडपडद्याच्या बाई नाहीत. "तुमच्या पोरांचे खिसे का फाटतात?"

"चला, दाखवते."

मागच्या लांबट खोलीत चाळीस-एक पोरं कामात होती. त्या शाळेत दर बुधवारी दुपारी शाळेतलं मोडकं सामान पोरंच दुरुस्त करतात. बाकं, खुर्च्या, दप्तरांचे बंद, टेबलपंखे. एक पोरगा बाकाखाली गुडघ्यांवर रांगत स्क्रू पिळत होता. दोघी मुली पंख्याची तुटकी तार तापत्या सोल्डरने जोडत होत्या. शेजारी मास्तर उभे, आणि तरी एक बारीक ठिणगी उडून मुलीच्या बाहीवर बसलीच. जवळजवळ प्रत्येकाच्या शर्टाच्या खिशात पक्कड नाहीतर स्क्रूड्रायव्हर, त्या वजनाने खिसा खाली ओघळलेला. काकू बघत राहिल्या. बावीस वर्षांचा निळा ढीग त्यांच्या डोळ्यांसमोर एकेक शर्ट करून उलगडत गेला.

"आणि मी म्हणायचे, मारामाऱ्या करतात," त्या पुटपुटल्या.

एवढ्यात व्हरांड्यात धप्प असा आवाज झाला. दोन मोठे पोरगे एकमेकांच्या कॉलर धरून जमिनीवर लोळत होते. कशावरून, तर पक्कड कुणाची यावरून. मोठ्या बाई पोचेपर्यंत दोन्ही कॉलरी शिलाईपासून सुटल्या होत्या.

"म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते," काकू म्हणाल्या.

"नव्हता," मोठ्या बाईंनी कबूल केलं. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं आणि हातात सुईदोरा दिला. "तू त्याची शिव, तू त्याची. होईपर्यंत उठायचं नाही."

पोरं शिवू लागली. ते बघवेना, म्हणून काकूंनी तोंड फिरवलं, पण किती वेळ फिरवणार?

"अरे, ही टीप आहे की गांडूळ? आण इकडे. दोरा एवढा लांब कशाला घेतलास, गळफास लावायचाय? असा धर. मागून सुई वर काढ. ओढू नकोस रे, चुणी पडते."

दहा मिनिटांत दोघांच्या कॉलरी बसल्या, आणि काकूंच्या भोवती आणखी सहा पोरं आपापल्या बाह्या पुढे करून उभी राहिली. त्या रंगात आल्या होत्या. अचानक त्यांना आठवण झाली. भिंगरी कुठाय?

भिंगरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. दोन मुलींनी तिच्या हातात उलट्या खुर्चीचा पाय दिला होता आणि बजावलं होतं, "डिंक वाळेपर्यंत हलू नकोस. हललीस तर खुर्ची जन्मभर डुगडुगेल." आणि भिंगरी, जी ताटाभोवती फिरून जेवते, ती दोन्ही हातांनी पाय धरून, ओठ दाबून पुतळ्यासारखी उभी होती. नाकावर माशी बसली तरी तिने फुंकर मारून ती उडवली, हात सोडला नाही. काकूंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग डोळे पुसले आणि डिंकाचा वास डोळ्यांत गेला असं शेजारच्या मुलीला सांगितलं.

पण त्या बघायला आल्या होत्या, तेव्हा सगळं बघितलं. मुलींच्या शौचालयाची एक कडी मोडकी होती. वाचनालयाचं कपाट उघडं आणि निम्मं रिकामं होतं. निम्मी पुस्तकं पोरांच्या घरी गेली आहेत, असं वहीत लिहिलेलं होतं. आणि नववीच्या वर्गात शिक्षकच नव्हते. पोरांनी तिथे बाजार भरवला होता.

"गणिताच्या बाई चार महिन्यांपूर्वी बदलून गेल्या," मोठ्या बाईंनी सांगितलं. "जागा अजून भरली नाही. मी जमेल तसे तास घेते, पण माझा विषय भूगोल. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? वर्षाच्या आत कुणी येईल असं वरून सांगतात. मी मात्र तसा शब्द देत नाही."

काकूंनी कडीचंही सांगितलं. मोठ्या बाईंनी ते लगेच पाटीवर लिहिलं: पुढचा बुधवार, कडी.

परतताना पुलावर भिंगरीने आजीचं बोट सोडलं नाही. दोन्ही तळहातांना डिंक होता.

"कशी वाटली गं?" काकूंनी विचारलं.

"त्यांनी मला काम दिलं."

"आणि ती मारामारी बघितलीस का?"

"हो. पक्कड त्यातल्या उंच पोराच्या बॅगेत होती. मी बघितली होती."

"मग सांगायचं नाहीस?"

"मला हलायचं नव्हतं ना."

गुरुवारी सकाळी मापकाकू तिसऱ्या मजल्यावर चढल्या. वहिनीचा मुलगा टेकडीवरच्या शाळेत आठवीला होता आणि तो काकूंनीच तिथे घातला होता. निदान काकूंची तशी समजूत होती. त्यांनी दारातच सगळं ओकून टाकलं. नववा नियम, निळा ढीग, आपली चूक.

"माझ्या सांगण्यावरून तू पोराला तिकडे घातलंस. मला रात्रभर झोप नाही गं."

वहिनीने आधी त्यांना आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं.

"काकू, राग नका मानू," ती म्हणाली. "तुमच्या सांगण्यावरून नाही घातलं. याच्या बाबांना तिथले गणिताचे सर माहीत होते. आम्ही आधीच ठरवलं होतं. तुम्हाला विचारलं नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणून विचारलं."

"बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांचं मला माहीत नाही," वहिनी म्हणाली, पण ओठ आवळून म्हणाली.

काकूंना क्षणभर तोंडात मारल्यासारखं झालं. बावीस वर्षांचा मान एका घोटात गेला. पण मग छातीवरचं मोठं ओझंही त्याच घोटाबरोबर उतरलं.

"पोर खूश आहे का तिथे?"

"खूश म्हणजे काय. रोज बूट पुसतो. माझ्या घरात असा कसा जन्माला आला कोण जाणे."

"मग त्याच्यासाठी चांगलीच आहे की," काकू म्हणाल्या आणि उरलेलं पाणी पिऊन खाली आल्या.

संध्याकाळी लेक दिवसपाळी संपवून आली. पायांतले बूट काढता काढताच म्हणाली, "ठरलं का? उद्या शेवटचा दिवस."

"पुलापलीकडची."

लेक एका बुटावर थांबली. "आखाडा?"

"आखाडाच. मारामारी माझ्या डोळ्यांदेखत झाली. शौचालयाची कडी मोडकी आहे. गणिताला बाई नाहीत, आणि कधी येतील त्याचा नेम नाही."

"आणि तरी तिथे घालू म्हणतेस?"

काकूंनी मग सगळं सांगितलं. खोली, खुर्च्या, पंखे, सुईदोरा. टेकडीवरचे गणिताचे सरही सांगितले. त्यातलं काही कापलं नाही. शेवटी खुर्चीच्या पायाचं सांगितलं. "पंचवीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "घड्याळ लावून बघितलं. तुझी पोर पंचवीस मिनिटं एका जागी उभी होती आणि तोंडाने हूं की चूं केलं नाही. मुख्य म्हणजे तिथल्या मोठ्या बाईंनी मला काय नाही ते सांगितलं. टेकडीवर मला फक्त काय काय आहे ते दाखवलं."

"गणिताचं काय करायचं?"

"ते तू शिकवायचंस."

"मी? आई, मला दशांश चिन्ह दिसलं की घाम फुटतो."

"रोज रोग्यांना औषधं मोजून देतेस ती काय अंदाजपंचे?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? चुकलं तर तिथे माणूस जातो, इथे फार तर मार्क जातील."

भिंगरी खणावर पाय ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, मी तुला शिकवेन." त्यावर दोघींना हसू आवरेना. लेकीने टेकडीचा अर्ज दुमडून बाजूला ठेवला, पुलापलीकडचा समोर ओढला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली. सहीनंतर एकदा खोल श्वास घेतला, जसा ती कुणाला सुई टोचण्याआधी घेते.

शुक्रवारी सकाळी काकू अर्ज घेऊन फाटकाशी पोचल्या. शिपाईमामांनी तो दोन्ही हातांनी घेतला, शिक्का मारला, पावती फाडून दिली.

"मग काकू, आता गल्लीत काय सांगणार?"

"गणिताला बाई नाहीत, असं सांगेन."

शिपाईमामांचा चेहरा पडला. "अहो, एवढंच?"

"आधी एवढंच," काकू म्हणाल्या आणि पावती जपून पर्समध्ये ठेवली. "ते ऐकूनही जी थांबेल, तिला पुढचं सांगेन. आणि म्हणेन, माझ्यावर जाऊ नकोस बाई, स्वतः जाऊन ये. बुधवारी जा."